मिटलेले सॉफ्ट कोरल आणि रोज उडून जाणारं सहा लिटर पाणी

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ, मिटलं म्हणजे ते आजारीच पडलं असं नसतं. टोडस्टूल लेदर, म्हणजे सार्कोफायटन, अधूनमधून आपणहून पॉलिप (फुलासारखी बारीक तोंडं) आत ओढून घेतं. वर मेणचट चकाकी येते, आठ-दहा दिवसांत ती पातळ साल सुटते आणि खालून स्वच्छ डोकं उघडतं. त्या काळात त्याला थोडा जास्त प्रवाह मिळाला की पुरे. म्हणून एकटं टोडस्टूल मिटलेलं आहे आणि शेजारचे मशरूम, झोअँथिड हे दुसऱ्या जातींचे कोरल नेहमीसारखे फुललेले आहेत, तर दोन आठवडे टाकीला हात लावू नये. एकच कोरल बिघडलं तर कारण त्याच्या जागेवर शोधायचं: प्रवाह, प्रकाश, शेजारी, कीड. सगळीच एकदम बिघडली तर कारण पाण्यात असतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या ज्या टाकीबद्दल हे लिहितो आहोत, तिथे सगळीच बिघडली होती. महिना मे. टाकी 90 × 45 × 50 सेंटीमीटरची, खाली सम्प (फिल्टर-पंपांची जोडटाकी), दगड-वाळू वजा जाता एकूण पाणी सुमारे 200 लिटर. टोडस्टूल तीन आठवड्यांहून जास्त मिटलेलं आणि त्याच्या देठाशी रुपयाच्या नाण्याएवढा तपकिरी डाग. केनिया ट्री या कोरलच्या फांद्या लोंबलेल्या, मशरूम आक्रसून निम्म्यावर आलेले, झेनिया विरघळून गेलेला. ग्रीन स्टार पॉलिपची नुसती जांभळी चटई दिसत होती, हिरवा ठिपकासुद्धा नाही. गोगलगायी काचेवरून गळून वाळूत उताण्या. दोन्ही क्लाउनफिश मात्र ठणठणीत, दाणे टाकले की वर येऊन खाणारे.

मासे बरे आणि बिनकण्याचे सगळे जीव बेजार, ही जोडी दिसली की तांब्याचा संशय घ्यावाच लागतो. पण सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, चढली तरी चित्र जवळजवळ असंच दिसतं, आणि ती तपासायला पाच मिनिटं लागतात. म्हणून सुरुवात नेहमी तिथून.

घरातला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) 35, म्हणजे हजार भागांत 35 भाग क्षार, दाखवत होता, अगदी हवा तो आकडा. त्यावर आम्ही लगेच विश्वास ठेवत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक, हे यंत्र बहुतेक ठिकाणी साध्या आरओच्या पाण्यावर शून्याला लावलेलं असतं. शून्य बरोबर आलं म्हणून 35 बरोबर येईलच असं नाही. दुसरं, त्यातली तापमान-दुरुस्ती साधारण 10 ते 30 अंशांपर्यंतच चालते. मेच्या दुपारी ग्वाल्हेरच्या घरात यंत्रच 36-38 अंशांवर गेलेलं असतं. मोजणी पहाटे करावी किंवा एसीच्या खोलीत यंत्र अर्धा तास ठेवून करावी.

तपासणीचं द्रावण घरी होतं. 36.5 ग्रॅम मीठ आणि 963.5 ग्रॅम आरओ-डीआयचं (क्षार पूर्ण काढलेलं) पाणी, दोन्ही वजनावर. या 3.65 टक्के द्रावणात प्रकाश जितका वळतो तितकाच तो 35 सॅलिनिटीच्या समुद्राच्या पाण्यात वळतो. घरातलं बारीक मीठ चालतं, फक्त ते सर्दावलेलं नको आणि काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा. द्रावण घट्ट बुचाच्या बाटलीत ठेवलं की बराच काळ टिकतं. या द्रावणावर त्या रिफ्रॅक्टोमीटरने 35 ऐवजी 32 दाखवले. म्हणजे टाकीत 35 नव्हते, 38 होते.

हा फरक कळला की बाकीच्या चाचण्यांचा अर्थही बदलतो. अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारी क्षमता) 9 डीकेएच (तिचं एकक), कॅल्शियम 450, मॅग्नेशियम 1450 आले होते. वरवर पाहता उत्तम, पण पाणीच आठ-नऊ टक्के आटलेलं असल्यामुळे सगळे आकडे तेवढ्याच प्रमाणात फुगलेले. सॅलिनिटी जागेवर येईपर्यंत कुठल्याही आकड्यासाठी डोस द्यायचा नाही, हा आमचा पक्का नियम आहे. नायट्रेट 15, फॉस्फेट 0.12. सॉफ्ट कोरलला यांचा त्रास होत नाही. उलट दोन्ही शून्यावर नेलेल्या चकचकीत टाकीत लेदर आणि मशरूम फिकट पडून आक्रसतात. त्यामुळे फॉस्फेट शोषणारं जीएफओ घालायचा मोह होतो तसा तो इथे टाळला.

38 कसे झाले, याचं उत्तर हवेत आहे. मेच्या लूत, म्हणजे उन्हाळी गरम वाऱ्यात, हवा इतकी कोरडी असते की सम्पवर दोन पंखे लावलेल्या या टाकीतून दिवसाला सुमारे सहा लिटर पाणी उडत होतं. 200 लिटरमधून सहा लिटर गेले की एका दिवसात 35 चे 36 होतात. रोज भरपाई केली तरी ती मोजून होत नव्हती: रोज एक ठरावीक भांडं ओतलं जायचं. बाष्पीभवन मात्र रोज सारखं नसतं. डेझर्ट कूलर लावून खिडक्या बंद ठेवल्या की खोलीत दमट हवा साचते. त्या दिवशी दोन-तीन लिटरच उडतात, पंख्यांनी पाणी थंड होत नाही आणि टाकी साडेएकोणतीस-तीस अंशांवर जाते. खिडकी किलकिली ठेवली की हवा खेळते, पाणी थंड राहतं, पण पातळी भराभर उतरते. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, हे माणसांसाठी खरं आहे तसं टाकीसाठीही. जुलैत पाऊस सुरू झाला की हेच पंखे निरुपयोगी ठरतात. बाहेर ऊन कमी असतं आणि टाकी मात्र मेपेक्षा जास्त तापते. त्या दिवसांसाठी एसी किंवा 200 लिटरला पुरेल असा छोटा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) हाच उपाय, आणि चिलर खोलीबाहेर गरम हवा सोडेल अशा जागी बसवावा.

आता मूळ मुद्दा. दिवसाला सहा लिटर म्हणजे महिन्याला 180 लिटर, जवळजवळ एक अख्खी टाकी. उडतं ते शुद्ध पाणी. भरपाईच्या पाण्यातून जे काही आलं ते सगळं मागे राहतं. किनाऱ्यावरच्या दमट गावात जे पाणी चालून जातं, ते ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात चालत नाही, ते एवढ्याचसाठी. मिठाचा ब्रँड, दिव्याचा रंग, कोरलचं खाद्य यांवर जेवढी चर्चा होते त्याच्या दहाव्या भागाइतकीही टॉप-अपच्या, म्हणजे भरपाईच्या, पाण्यावर होत नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

इथे टॉप-अप स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं होतं. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर 60. पिण्याच्या आरओमध्ये मुद्दाम एक झडप असते, ती चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळते. त्यामुळे शून्य कधीच येत नाही. शिवाय या यंत्रात शेवटी तांब्याचं कार्ट्रिज होतं, पाण्यात तांबं सोडण्यासाठीच बसवलेलं.

घरच्या काकू म्हणाल्या, "अहो, हे पाणी तर आम्ही सगळे पितो. नातवंडंसुद्धा."

त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या तांब्याची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आहे. खुल्या समुद्राच्या पाण्यात मात्र तांबं लिटरला एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी असतं, म्हणजे त्या मर्यादेच्या दोन हजाराव्या भागाहून कमी. हिशोब करून पाहा: समजा कार्ट्रिज लिटरला फक्त 0.1 मिलिग्रॅम तांबं सोडतं. महिन्याचे 180 लिटर, म्हणजे 18 मिलिग्रॅम, 200 लिटर पाण्यात जमले की 0.09 मिलिग्रॅम प्रतिलिटर. दोन महिन्यांत हा आकडा 0.18 होतो. माशांच्या परजीवींवर उपचार करताना वेगळ्या टाकीत तांबं साधारण 0.15 ते 0.20 वर ठेवतात, आणि त्या टाकीत एकही कोरल किंवा गोगलगाय ठेवत नाहीत, कारण ती मरतात. प्रत्यक्षात काही तांबं दगड आणि वाळू शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातला आकडा कमी दिसतो. पण ते तिथेच बसून असतं आणि पुढे हळूहळू सुटत राहतं.

तांब्याच्या कळशीत किंवा हंड्यात साठवलेल्या पाण्यालाही हाच हिशोब लागू आहे. देवघराशेजारी टाकी असलेल्या घरांत हे विचारून घ्यावं.

साध्या कॉपर किटवर रंग जेमतेम बदलला. या किटचा सर्वांत खालचा टप्पाच कोरलच्या सहनशक्तीच्या वर असतो, तेव्हा किट कोरं आलं म्हणून तांबं नाही असं म्हणता येत नाही. भरवशाची खूण पॉली-फिल्टरच्या, म्हणजे धातू आणि घाण शोषणाऱ्या चकतीच्या, तुकड्याने दिली. पांढरी चकती सम्पमध्ये पाणी तिच्यातूनच जाईल अशी बसवली, आणि काही दिवसांत तिच्या कडेने निळसर झाक चढली. तांबं पकडलं की ती निळी होते. साध्या घाणीने ती तपकिरी-काळी पडते. दरम्यान दुसरा कुठला धातू नाही ना, हेही पाहिलं: वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) चुंबकावरचं प्लास्टिक फुगलंय का, गंजाचे ओघळ आहेत का, नळीला पितळी जोड किंवा लोखंडी क्लिप आहे का. यांत काही सापडलं नाही.

उपाय एका वेळी एकच केला, आणि क्रम महत्त्वाचा होता. आधी टॉप-अपचा उगम बदलला, कारण तो तसाच ठेवून बाकी काहीही करणं फुकट. वेगळा आरओ-डीआय संच: 5 मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलन पाणी देणारा) मेम्ब्रेन, शेवटी उरलेले क्षार पकडणारं डीआय रेझिन. लष्करचं नळाचं पाणी तिघरा धरणाचं. उन्हाळ्यात ते एक दिवसाआड येतं आणि मधल्या दिवशी बोअरचं किंवा टँकरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत पडतं, म्हणून कच्च्या पाण्याचा टीडीएस एका आठवड्यातच दुप्पट-तिप्पट होतो. दुपारी त्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. पाणी जितकं गरम तितके मेम्ब्रेनमधून जास्त क्षार निसटतात, आणि 45 अंशांच्या पुढे मेम्ब्रेनच खराब होतो. त्यामुळे आरओ पहाटेच चालवायचा. सुरू केल्यावरचं पहिलं एक-दोन लिटर पाणी फेकायचं, कारण बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचं पाणी सरमिसळ झालेलं असतं. डीआयनंतर मीटरवर 0 हवं. 1 दिसू लागलं की रेझिन बदलायचं. रंग पूर्ण उतरेपर्यंत थांबायचं नाही, संपलेलं रेझिन पकडून ठेवलेलं काही परत सोडतं.

भरपाईसाठी सम्पच्या पंपाच्या कप्प्यात फ्लोट सेन्सर आणि 10 लिटरची झाकणाची टाकी. मोठी टाकी मुद्दाम ठेवली नाही: सेन्सरवर मीठ साचून किंवा गोगलगाय बसून तो अडकला आणि सगळं पाणी आत गेलं, तरी 35 चे सव्वातेहेतीसच होतात, कोरल ते सोसतात. 50 लिटरचा पिंप असता तर सगळं संपलं असतं.

मग सॅलिनिटी. 38 वरून 35 वर यायला 200 × 3 ÷ 38, म्हणजे सुमारे 16 लिटर टाकीचं पाणी काढून तेवढंच गोडं पाणी घालावं लागतं. हे एका दिवसात केलं तर पेशी पाणी पिऊन फुगतात आणि आधीच थकलेलं कोरल फाटतं. रोज सव्वादोन लिटर काढायचं, तेवढंच आरओ-डीआयचं पाणी सम्पमध्ये थेंबथेंब सोडायचं, असं आठवडाभर. पहाटे मोजणी, त्यानंतरच दुसरा हप्ता.

तिसरा टप्पा कार्बनचा. 100 ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन आरओच्या पाण्यात धुऊन, काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत, जाळीच्या पिशवीतून. तांब्यासाठी पॉली-फिल्टर आहेच. कार्बन इथे लेदरच्या विषासाठी. सार्कोफायटन आणि सिन्युलेरिया (दुसऱ्या जातीचं लेदर) ताणात असले की टर्पीन जातीची रसायनं पाण्यात सोडतात, त्याने शेजारचे कोरल मिटतात, आणि मूळ कारण दूर झाल्यावरही हे चक्र चालू राहतं. कार्बन दर दोन आठवड्यांनी बदलला. एक गोष्ट बरेच जण विसरतात: कार्बनने पाण्यातला पिवळेपणा जातो आणि तोच दिवा कोरलवर अचानक तेज पडतो. म्हणून कार्बन घातला त्याच दिवशी एलईडी 60 वरून 45 टक्क्यांवर आणला, पुढे आठवड्याला पाच टक्के वाढवत नेला. मशरूम सगळ्यांत खाली, सावलीत.

पाणीबदल दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी 20 लिटर. त्याला साधारण पाऊण किलो मीठ लागतं. पंप आणि हीटर लावून 24 तास ढवळायचं, तापमान आणि सॅलिनिटी टाकीशी जुळली की मगच आत.

टोडस्टूलचा डाग यात थांबणार नव्हता. बोट लावलं तर तिथलं मांस बुळबुळीत, वास सडक्या अंड्यासारखा. असा भाग आपोआप भरत नाही, तो वर सरकत जातो. हातमोजे आणि चष्मा लावून कोरल दगडासकट टाकीच्याच पाण्याच्या टबमध्ये काढलं. चष्म्याचा आग्रह यासाठी की त्याच दगडावर झोअँथिड होते. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असा दगड कधीही उकळायचा नाही, हवेत घासायचा नाही, वाफेतून आणि तुषारांतून विषबाधा होते. नवं ब्लेड घेऊन डागाच्या वर एक सेंटीमीटर निरोगी भाग धरून देठ आडवा कापला. निरोगी मांसात ब्लेड गुळगुळीत जात नाही. आत चुन्याचे सूक्ष्म काटे असतात, ते कचकचतात, आणि कापलेला भाग आतून मलईसारखा पांढरा, एकसंध दिसतो. तसा दिसला नाही तर आणखी वर कापायचं. पहिल्या कापात मध्यभागी तपकिरी रेघ राहिली होती, म्हणून दुसरा घेतला.

कापलेलं डोकं टाकीच्या पाण्यात, लिटरला पाच थेंब 5 टक्के ल्युगॉल आयोडीन, दहा मिनिटं. जखमेला लावायचं पोव्हिडोन-आयोडीन यासाठी आम्ही वापरत नाही. त्यात आयोडीनशिवाय इतर घटक असतात. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन दगडाच्या चपट्या तुकड्यावर ठेवलं. लेदरच्या चिकट स्रावावर सुपरग्लू धरत नाही, धरला असं वाटतं आणि रात्रीत सुटतं. वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकून खाली रबर बँडने बांधला, आवळून नाही, डोकं जागचं हलणार नाही इतपत. मध्यम, आडवा प्रवाह. वेव्हमेकरचा झोत थेट अंगावर आला तर कापलेला भाग भरत नाही. दोनेक आठवड्यांत ते दगडाला धरतं, मग जाळी कापून काढायची.

किडीची तपासणी दिवे विझल्यावर तासाभराने लाल टॉर्चने केली: झोअँथिडवर न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या गोगलगायी), त्यांची गुंडाळीसारखी अंडी, सनडायल गोगलगाय. काही नव्हतं.

कोरल ज्या क्रमाने उघडले तो क्रमही बोलका होता. सॅलिनिटी उतरताच सर्वांत आधी ग्रीन स्टार पॉलिप, चटईच्या प्रवाहाकडच्या कडेला थोडेसे, मग मध्यावर. त्यांच्यावर साचलेला गाळ आणि शेवाळाचा पापुद्रा ड्रॉपरने पाणी मारून उडवला. नाहीतर पाणी सुधारूनही ते त्याखाली मिटून राहतात. झोअँथिड पाठोपाठ. केनिया ट्रीने दोन-तीन फांद्या टाकल्या, पण त्या दगडात अडकून तिथेच रुजल्या. मशरूमना सर्वांत जास्त वेळ लागला. तांबं दगडातून सुटत असताना त्यांची सुधारणा पुढे-मागे होत राहिली, आणि पॉली-फिल्टरचा दुसरा तुकडाही फिकट निळा झाला, तिसरा तसा झाला नाही. बाटलीतलं आयोडीन, ट्रेस एलिमेंट, कोरल-टॉनिक यांतलं काहीही या काळात घातलं नाही. एकाच वेळी चार गोष्टी घातल्या की कशाने बरं वाटलं आणि कशाने बिघडलं हे कधीच कळत नाही.

वीज जाते त्यासाठी इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर जोडला आहे, आणि तो डीसी प्रकारचा. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर एसी पंप घरघरतात आणि तापतात. चिलर किंवा हीटर इन्व्हर्टरवर अजिबात नको. थंडीत ग्वाल्हेरच्या खोल्या दहा अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा एका मोठ्या हीटरऐवजी 150 वॉटचे दोन लावावेत, म्हणजे एक चालू स्थितीत अडकला तरी टाकी उकळत नाही; आणि दारं-खिडक्या बंद करून बसल्याने खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच 7.7 वर आला, तर औषध न घालता दुपारी तासभर खिडकी उघडावी. डासांचं लिक्विड आणि दिवाळीच्या आधीचा रंगकाम-फिनेलचा वास एअर पंप थेट पाण्यात ओढतो, तेव्हा त्या दिवसांत स्किमरची (बुडबुड्यांनी घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर.

नवीन कोरल लगेच आणू नये. आधी दोन गोगलगायी सोडाव्यात. त्या महिनाभर काचेवर फिरत्या राहिल्या तर झेनियाचा एक छोटा, स्वस्त तुकडा. झेनियाला तांबं सर्वांत आधी कळतं. त्याचे पंजे उघडझाप करत राहिले आणि पॉली-फिल्टर पांढरा-तपकिरीच राहिला, तर बाकीचं आणायला हरकत नाही. आणताना दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि गॉर्गोनियन (समुद्रपंखे) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या अनुसूचीत आहेत हे लक्षात असू द्यावं. कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नये.